टाकी बांधून झाली, पुढे तिच्याकडे कोण बघणार?

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

आमच्या संगमेश्वर तालुक्यात वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर येतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. माझे कौलारू छप्पर जेमतेम ५० चौरस मीटरचे, पण हंगामभरात त्याच्या पागोळ्यांतून लाखाहून जास्त लिटर पाणी वाहून जाते. म्हणून परसात १० हजार लिटरची फेरोसिमेंटची टाकी बांधली. दिवसाला चार हंडे काढले तरी मार्च ते मृग पिण्या-स्वयंपाकाची ददात राहत नाही.

गेल्या वैशाखात त्या टाकीच्या तळाशी मेलेला उंदीर सापडला. झाकण एका कोपऱ्यात चार बोटे उचललेले होते. घरातली दोघे आठवडाभर जुलाबांनी आडवी झाली होती आणि आम्ही दोष देत होतो लग्नाच्या जेवणाला.

त्यानंतर वाडीतल्या इतर टाक्या पाहिल्या. जादा पाण्याच्या पाइपला जाळी कुठेच नाही. पहिला पाऊस बाहेर सोडायची सोय दोनच घरांत. वानरांची विष्ठा, पक्ष्यांची शीट, कुजका पाला, सगळे त्या पहिल्या पाण्याबरोबर आत जाते. झाकणाला फट असली की डास आत शिरतात आणि आठ-दहा दिवसांत अंड्यांचे नवे डास होऊन बाहेर पडतात. डेंग्यूच्या डासाची अंडी तर कोरड्या भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात. टाकी नुसती उपसून भागत नाही, नारळाच्या सोडणाने खसाखसा घासावी लागते. हे मला वयाच्या पन्नाशीत कळले.

सार्वजनिक विहिरीची काळजी घेणारी व्यवस्था आपल्याकडे आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टी.सी.एल. (ब्लीचिंग पावडर) टाकतो, पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे पाहणारी ओ.टी. चाचणी करतो. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. लाल कार्डाची गावाला लाज वाटते, म्हणून कामे होतात. मग ज्या टाकीचे पाणी घरातले तान्हे मूलही पिते, तिच्याकडे बघायला कुणीच का येऊ नये?

एप्रिलच्या त्याच पाहणीत घरगुती टाक्याही घ्याव्यात. झाकण, जाळी आणि पहिला पाऊस सोडण्याचा व्हॉल्व्ह नसेल तर अनुदानाच्या टाकीचे काम पूर्ण धरू नये. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायला शिकलेल्या गावच्या पाच महिलांना या टाक्यांचे काम द्यावे, आणि त्याचा मोबदलाही. क्लोरीन किती लिटरला किती घालायचे, ते प्रत्येक टाकीवर रंगाने लिहून द्यावे. टाकल्यावर अर्धा तास थांबायचे असते, हेही.

मृग ७-८ जूनला लागतो. त्याच्या आत निदान एका तालुक्यात सुरुवात करा. आमची वाडी तयार आहे. माझी टाकी घासून, उन्हात वाळवून ठेवली आहे. पहिली तपासणी तिचीच करा.

आपला नम्र,
संगमेश्वर तालुक्यातील एक टाकीधारक