गाण्याचे व्हिडिओ कापून काय शिकणार?

संपादक महोदय,

‘दुसऱ्याच्या गाण्याचे व्हिडिओ कापून-जोडून मुलं काय शिकणार?’ असा सवाल करणारं पत्र आपल्याकडे वाचलं. मी दिवसभर हिशेबाचं काम करते आणि वर्षभर रात्री व्हिडिओ संकलन शिकते आहे, तेही असंच, एका बँडचा साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन. म्हणून लिहिल्यावाचून राहवलं नाही.

आधी स्वतः चित्रण करून पाहिलं होतं. शॉट हलायचे, प्रकाश फसायचा, आणि चूक कटची, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाण्याच्या जागेची, की चित्रणाची हेच कळायचं नाही. चांगलं फुटेज हाती आल्यावर ती सबब संपली.

त्या गाण्याची लय मिनिटाला 120 ठोक्यांची, व्हिडिओ सेकंदाला 24 फ्रेमचा, म्हणजे 24 स्थिर चित्रांचा. म्हणजे एका ठोक्याला बरोबर 12 फ्रेम. सुरुवातीला मी प्रत्येक ठोक्यावर कट मारला. अर्ध्या मिनिटात डोळे थकले. मग ड्रमरचा शॉट एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. काठी वर जाते, किंचित थबकते, खाली येते. आघातावर कट केला की तो उशिरा आल्यासारखा वाटे. दोन फ्रेम आधी केला आणि नेमका समेवर बसला. सेकंदाचा बारावा भाग! हे कुणी नुसतं सांगून माझ्या डोक्यात शिरलं नसतं.

मूळ व्हिडिओत खिडकीशी उभी एक मुलगी चार शॉट मिळून जेमतेम 11 सेकंद दिसते. मी तिच्याभोवती गाणं नव्याने रचलं. गायक मान वर करतो, लगेच ती, पुन्हा तो. मुळात दोघं एका चौकटीत कधीच नाहीत, तरी आता तो तिच्यासाठीच गातोय असं वाटतं.

ही वाट जुनीच आहे. सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन यांनी स्वतःचा पहिला मोठा चित्रपट करण्याआधी संकलक एस्फिर शुब यांच्यासोबत फ्रिट्झ लांग यांचा जर्मन चित्रपट सोव्हिएत प्रेक्षकांसाठी नव्याने कापला-जुळवला होता.

हक्कांचा प्रश्न मात्र खरा आहे. गाणं बँडचं, चित्रणही माझं नाही. म्हणून माझं काम मी घराबाहेर कुणाला दाखवलेलं नाही. पण बँडने मनावर घेतलं तर हा प्रश्नही सुटतो. 2017 मध्ये इमॅजिन ड्रॅगन्स या बँडने संकलनाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अडोबी कंपनीच्या स्पर्धेसाठी आपल्या ‘बिलीव्हर’ या गाण्याच्या व्हिडिओचं कच्चं फुटेज संकलकांना खुलं केलं होतं. शिकणाऱ्याला हेच हवं असतं. तयार व्हिडिओतला शॉट आधीच कुणीतरी कापलेला असतो. मला हव्या त्या जागी नेमक्या चार फ्रेम कमी पडतात.

आपल्या वाचकांत बँडवाले असतील तर त्यांना विनंती: एखाद्या जुन्या गाण्याचं सगळं फुटेज, चुकलेल्या टेकसकट, शिकणाऱ्यांसाठी खुलं करा. शेवटच्या शॉटमध्ये ती खिडकीतली मुलगी मागे वळू लागते आणि तिथेच कट येतो. ती कुणाकडे वळली, ते मला अजून पाहायचं आहे.

आपली,
संकलन शिकणारी एक वाचक