नवापुऱ्यातल्या वायरमनकाकांना

काका, सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, ठाऊक आहे. नातवाकडून वाचून घ्या. दुकानात येऊन आभार मानले असते तर "बरं बरं, गाडी काढा, मागे रिक्षा अडलीय" म्हणून तुम्ही मला वाटेला लावलं असतं. म्हणून हे असं चारचौघांत.

माझी गाडी तुमच्याकडे आली ती पुराचा ठपका घेऊनच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्याच्या कारेलीबागेत आमच्या पार्किंगमध्ये शिरलं, गाडी दोन दिवस अर्धी चाकं बुडवून उभी होती. तेव्हापासून तिला शिंक आली तरी सगळे म्हणायचे, पूर! एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला तेव्हाही तेच. आधी जिथे नेली तिथल्या माणसाने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "बेन, आखुं मोड्युल बदलवुं पडशे." म्हणजे एबीएसचा अख्खा कंट्रोल बॉक्सच बदला. आकडा ३८,०००.

तुम्ही आकडा नाही सांगितलात, विचारलंत, "थांबता थांबता ब्रेकवर पाय थरथरतो का?" थरथरायचा की! सोसायटीच्या फाटकात वळून थांबताना, कोरड्या रस्त्यावर, पेडल खालून कुणी खरवडल्यासारखं. मी आपली रस्त्याला शिव्या देत होते. तुम्ही म्हणालात, "एका चाकाचा सेन्सर मध्येच मुका होतोय. कॉम्प्युटरला वाटतं चाक जाम झालं, तो ब्रेक ढिला करायला धावतो. मॉड्यूल बिचारं कामाला चोख आहे."

भाच्याच्या ८०० रुपयांच्या, गाडीतला दोष शोधायच्या ब्लूटूथवाल्या यंत्रात काहीच दिसलं नव्हतं. ते फक्त इंजिनाशी बोलतं, हे तुमच्याकडे कळलं. तुमच्या स्कॅनरने एबीएसला विचारलं आणि उत्तर आलं: पुढचं डावं चाक, सिग्नल नाही. कनेक्टर उघडला तर पिना हिरव्या पडलेल्या. तुम्ही त्या साफ केल्यात, दिवा गेला, मी खूश.

चार दिवसांनी दिवा परत हजर.

त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात त्यासाठी खरं तर हे पत्र. "ताई, माझं चुकलं. हिरव्या पिना दिसल्या आणि मीपण पुरालाच धरलं." गेली पंचवीस वर्षं मी गाडी चालवतेय. 'माझं चुकलं' हे वाक्य गॅरेजमध्ये पहिल्यांदा ऐकलं.

मी शहाणपणा करून म्हटलं, मीटर लावून ओहम बघा ना. तुम्ही हसलात. हा हॉलवाला, म्हणजे चुंबक ओळखणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर, याला सप्लाय लागतो, ओहम मोजून याचं काही कळत नाही. ती तपासणी जुन्या कॉइलवाल्यांची. मग जॅकवर चाक उचललंत, मला स्टिअरिंगवर बसवलंत आणि हाताने चाक फिरवत राहिलात. स्कॅनरवर चाकाचा वेग चार, पाच, चार. "आता पूर्ण उजवीकडे वळवा." शून्य. चाक फिरतंय आणि आकडा शून्य! सरळ केलं की पुन्हा चार. आमचं फाटक उजवीकडेच आहे, काका. गाडी मला रोज सांगत होती.

वायर सोललीत तेव्हा आतले तांब्याचे तंतू केसासारखे तुटलेले, वरचं रबर मात्र साबूत. कारण अर्ध्या बोटाएवढं: पूर्वी कधीतरी शॉकअब्सॉर्बर बदलताना कुणीतरी वायरची क्लिप परत लावलीच नव्हती. प्रत्येक उजव्या वळणाला वायर ताणली जात होती. बिचारी विश्वामित्री!

वायर सेन्सरलाच जोडलेली, म्हणून सेन्सरच बदलायचा ठरला. तो काढणं वेळखाऊ निघालं. दहाच्या पान्याने बोल्ट सुटला, पण सेन्सर गंजाने भोकात घट्ट बसलेला. मी हातोडी पुढे केली, तुम्ही ती परत माझ्याच हातात दिलीत. आत बेअरिंगच्या सीलवर चुंबकाची रिंग असते, तुकडा पडला किंवा गंजाचा चुरा चिकटला की नवा सेन्सरही खोटं बोलेल, असं म्हणालात. स्प्रे मारून आपण चहा घेतला, मग पक्कडीने डावीउजवीकडे हलकेच घोळवत तो बाहेर आला. भोकातला चुरा तुम्ही बोटाला सेलोटेप उलटी गुंडाळून टिपून घेतलात. ते बोट मला अजून दिसतं.

नवा सेन्सर बसवून निघालो, लालबागच्या पुलावर गाडीने वेग धरला आणि दिवा विझला. पुलावरून उतरून मोकळ्या कडेला तुम्ही मला मुद्दाम जोरात ब्रेक मारायला लावलात. मी घाबरले, तुम्ही नाही.

सेन्सर १,४५०, मजुरी ३००. आधी पिना साफ केल्याचे काही नाही, आणि क्लिपचे विचारले तर "क्लिपचे कसले पैसे?"

शनिवारी संध्याकाळी शेव-उसळ घेऊन येतेय, तर्री जास्त तिखट. सात वाजेपर्यंत शटर पाडू नका.

तुमची,
पुढच्या डाव्या चाकाची मालकीण