जाळीचं फाटक लावून घेणाऱ्या तुम्हाला, मनापासून आभार

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव आम्हाला ठाऊक नाही. तुम्ही आई असाल, आजोबा असाल, थोरली बहीण असाल किंवा मुलाला सांभाळायला येणाऱ्या मावशी असाल. लहान मूल आणि कुत्रा एका छपराखाली सुखाने राहतात, त्या घरात हातातलं काम टाकून उठणारं एक माणूस असतंच. कुत्रा चावला तर चार घरांत बोललं जातं. टळलेल्या चाव्याची कुणाला खबरही नसते. आम्ही काही जण कुत्र्यांच्या वागण्यावर आणि प्रकृतीवर काम करतो. टळलेलं काय होतं ते आम्हाला कळतं, म्हणून हे पत्र.

घरात लहान मुलांना होणारे चावे बहुतेक वेळा ओळखीच्या कुत्र्याचे असतात. खेळता खेळता, खाण्याच्या भांड्याजवळ, झोपलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पडताना. मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं, म्हणून जखम चेहऱ्यावर, डोक्यावर, मानेवर होते. ‘आमचा तसा नाही हो’ म्हणून तुम्ही निर्धास्त झाला नाहीत, याबद्दल पहिले आभार. अतिशय गरीब कुत्र्यालाही दुखतं, तोही दचकतो आणि कंटाळतो.

तुम्ही नेमकं काय पाहता, ते जरा सविस्तर लिहितो, कारण बाकीच्यांना ते दिसत नाही. कुत्रा फरशीवर पहुडलाय. मूल रांगत त्याच्याकडे निघतं. कुत्र्याचं उघडं, सैल तोंड मिटतं. तो मान पलीकडे वळवतो, नजर मात्र मुलावरच ठेवतो. त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसू लागते. जवळपास खायला काही नसताना जीभ एकदा नाकावरून फिरते. मग जांभई येते, आणि ती झोपेची नसते. मूल आणखी हातभर पुढे आलं की सगळं अंग आखडतं आणि क्षणभर काहीच हलत नाही. खोलीतल्या इतरांना वाटतं, किती शांत बसलाय! तुम्ही तोवर मुलाला उचललेलं असतं.

ब्रिटिश पशुवैद्यक केंडल शेफर्ड यांनी या खुणा शिडीसारख्या मांडल्या आहेत. अगदी खाली डोळे मिचकावणं, जांभई, नाक चाटणं. त्यावर मान वळवणं, मग अंग वळवणं, उठून निघून जाणं. पुढे कान पाडून दबून चालणं, शेपूट पोटाशी घेणं, आडवं पडून पाय वर करणं. मग ताठ होऊन रोखून बघणं, गुरगुरणं, हवेत तोंड मारणं, आणि सर्वांत वर चावा. आडवा पडलेला कुत्रा दर वेळी पोट खाजवून घ्यायला पडलेला नसतो, हे या शिडीवरून नीट कळतं. शेपटीचंही तसंच. सैल अंगाने, कमरेसकट हलणारी शेपूट वेगळी आणि उंच, ताठ, भरभर थरथरणारी शेपूट वेगळी. लहान मुलांना यातलं काही उमगत नाही. दात विचकलेला कुत्रा त्यांना हसरा वाटतो. म्हणून हे वाचण्याचं काम मोठ्या माणसाचंच, आणि ते तुम्ही अंगावर घेतलंत.

कुत्रा गुरगुरला तेव्हा तुम्ही त्याच्यावर हात उगारला नाहीत, याचे आभार मानावे तेवढे थोडे. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो. मुलाची धास्ती त्याच्या मनातून जात नाही. पुढच्या वेळी मधल्या पायऱ्या गाळून तो थेट तोंड टाकतो आणि लोक म्हणतात, काही कारण नसताना चावला. तुम्ही आवाज न चढवता मुलाला बाजूला घेतलंत, कुत्र्याला जायला वाट दिलीत आणि त्याच्या आधी काय घडलं होतं ते लक्षात ठेवलंत. वाट देणं फार महत्त्वाचं आहे. सोफा आणि भिंत यांच्या सांदीत, टेबलाखाली, साखळीला बांधलेला कुत्रा निघून जाऊ शकत नाही. मग त्याच्याकडे वरच्या पायऱ्याच उरतात.

आता मूल आणि कुत्रा यांच्यामध्ये लावायच्या त्या फाटकाबद्दल. जिन्याच्या वरच्या टोकाला तुम्ही स्क्रूने भिंतीत पक्कं केलेलं फाटक बसवलंत. नुसत्या दाबावर अडकवलेलं फाटक मोठ्या कुत्र्याच्या धक्क्याने सरकतं, शिवाय त्याच्या खालच्या आडव्या पट्टीला पाय अडखळतो. गजांमधली फट सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर मुलाचं डोकं अडकण्याचा धोका. ७५ सेंटिमीटर उंचीचं फाटक मुलाला पुरतं, पण उडी मारणाऱ्या कुत्र्याला किमान १ मीटर लागतं. आणि सगळ्यांत शहाणपणाचं म्हणजे, बाळ घरी येण्याच्या कितीतरी आठवडे आधी तुम्ही ते बसवलंत आणि फाटकापलीकडे असताना कुत्र्याला चघळायला चांगलं काहीतरी देत राहिलात. फाटक आणि बाळ एकाच दिवशी आलं असतं, तर बाळ आल्यावर आपल्याला कोंडतात, एवढंच त्याला कळलं असतं. फिरायला नेण्याच्या वेळा, झोपायची जागा, कोणत्या खोलीत जायचं नाही, हे सगळं तुम्ही आधीच बदललंत. बाळाच्या रडण्याचा आवाज अगदी हळू लावून, सोबत खाऊ देऊन, थोडा थोडा वाढवत नेलात.

त्यानंतरचा अवघड काळ पुष्कळ घरांत लक्षातच येत नाही. पहिले सहाएक महिने बाळ पडल्या जागी असतं आणि कुत्रा त्याला सरावतो. घरातले म्हणतात, झालं, जमलं यांचं. मग बाळ रांगायला लागतं. कालपर्यंत जे एका जागी होतं ते आज चार पायांवर अंगावर चालून येतं, केस मुठीत धरतं, कुत्र्याला धरूनच उभं राहायला बघतं. कुत्र्याच्या लेखी हा नवाच प्राणी. पाळण्याजवळ शांत बसणारा कुत्रा याच दिवसांत गुरगुरू लागतो. बाळ पोटावर सरकू लागलं त्या आठवड्यातच तुम्ही कुत्र्याचं अंथरूण वाटेतून हलवून फाटकामागे ठेवलंत आणि त्या जागेत मूल कधीही जाणार नाही असं ठरवून टाकलंत. मोठा कुत्रा दिवसाचे १२ ते १४ तास झोपतो, पिल्लू १८ ते २०. ती झोप मोडत राहिली की तो चिडचिडा होणारच.

‘लक्ष आहे ना?’ असं विचारल्यावर सगळेच हो म्हणतात. तुमच्या लेखी लक्ष म्हणजे हाताच्या अंतरावर असणं, मोबाइल बाजूला ठेवून. दार उघडायला जायचं झालं तरी दोघांपैकी एकाला सोबत नेणं.

खाण्याच्या बाबतीत एक खुळी समजूत तुम्ही मोडून काढलीत: कुत्रा खात असताना भांड्यात हात घालत राहिलं की त्याला सवय होते. उलट, आपलं अन्न हिरावलं जातंय असं वाटून तो राखण करायला शिकतो. तुमच्याकडे कुत्रा बंद दाराआड जेवतो, आणि त्याचं झाल्यावर भांडं उचललं जातं. त्याने मुलाचं खेळणं पळवलं तर मागे धावत जाऊन तोंडातून ओढायचं नाही. खाऊचे चार-पाच तुकडे दूर फेकायचे, तो तिकडे गेला की खेळणं उचलायचं. त्याला तरी काय दोष द्यावा? मुलाचा पिचकणारा रबरी बदक आणि त्याचा स्वतःचा, त्याला दोन्ही सारखेच. म्हणून मुलाची खेळणी झाकणाच्या डब्यात. चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा हे कुत्र्याला विषारी, आणि मुलांच्या हातून सांडतं सगळंच. तेव्हा मुलाच्या जेवणाच्या वेळीही फाटक बंद.

मुलाला तुम्ही शिकवलेलं कुरवाळणं आम्ही आता सगळ्यांना सांगतो. कुत्र्याकडे जायचं नाही, त्याला बोलवायचं. आला तर एका हाताने छातीवर किंवा खांद्यावर कुरवाळायचं, डोक्यावरून हात न्यायचा नाही. एक, दोन, तीन म्हणायचं आणि हात काढून घ्यायचा. तो टेकून आला, नाकाने हात ढोसला, तर पुन्हा. मान वळवली तर झालं, आजच्यापुरतं पुरे. मिठी नाही, तोंडाला तोंड नाही. पापी लांबून उडवायची. अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यापुढे पळायचं नाही, ‘झाड’ व्हायचं: हात अंगाशी, नजर आपल्या पावलांकडे, गप्प. खाली पडलंच तर मुटकुळं करायचं आणि मानेमागे हात बांधून कान झाकायचे. हे खेळ म्हणून रोज दोन मिनिटं करून घेतलंत, म्हणून ते मुलाच्या अंगवळणी पडलं. तरीही पाच वर्षांचं मूल नियम पाळेल, या भरवशावर तुम्ही दोघांना एकटं सोडलं नाहीत.

एरवी शांत असलेला कुत्रा अचानक अंगाला हात लावू देईना, तेव्हा त्याला हट्टी न म्हणता तुम्ही पशुवैद्याकडे नेलंत. कान चिघळलेला असतो, दात किडलेला असतो, सांधे आखडलेले असतात. जंताचं औषध आणि रेबीजची लस वेळेवर, विष्ठा रोजच्या रोज उचलणं, मुलाचे हात साबणाने धुणं, यातही तुम्ही कधी चालढकल केली नाहीत. आणि दात लागला किंवा नुसता ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची, वर हळद, तिखट, तेल असलं काही लावायचं नाही आणि लगेच डॉक्टर गाठायचा, हे घरातल्या सगळ्यांना तुम्ही पाठ करून घेतलंय.

एक विनंती. दिवेलागणीच्या सुमाराला मूल किरकिरतं, कुत्रा अस्वस्थ होतो आणि तुम्ही दमलेले असता. त्या तासाला कुत्र्याला चघळायला काही देऊन फाटक सरळ लावून घ्या. कुत्रा पलीकडे, मूल अलीकडे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पलीकडे तो बहुतेक झोपलेला असेल.

तुमचे ऋणी,
कुत्र्यांचं वागणं आणि प्रकृती पाहणारे आम्ही काही जण