आई-बाबा, फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितेय

आई, बाबा,

रविवारी फोन ठेवला आणि मला रडूच आलं. बाबा, तुम्ही "मला नको ती नागिणीची लस, विषय संपला" म्हणालात आणि मी आवाज चढवला. तो चढवायला नको होता, सॉरी. त्यानंतर तीन-चार रात्री बसून मी याच्यावरचे मूळ रिसर्च पेपर वाचले, बातम्या नाही आणि फॉरवर्डही नाहीत, आणि त्यात एक जुना प्रयोग सापडला जो वाचून मी गप्पच झाले. अमेरिकेत 2014 साली 1,759 आईवडिलांना घेऊन केलेला अभ्यास आहे, त्यात गोवराच्या लशीने ऑटिझम होत नाही याची माहिती काहींना दिली. त्यांचा गैरसमज कमी झाला, पण ज्यांचा लशींवर मुळातच विश्वास कमी होता त्यांची पुढच्या मुलाला लस द्यायची तयारी आणखी कमी झाली! मी रविवारी तुमच्याशी नेमकं हेच करत होते. म्हणून आता वाद नाही. तुम्ही दोघांनी जे जे विचारलंत ते मी खरंच तपासलं आणि जे मिळालं ते सांगतेय, त्यात तुमच्या बाजूचंही आहे.

बाबा, तुमचं म्हणणं की लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात, आता कसली लस. पण नागीण ज्यांना कांजिण्या होऊन गेल्यात त्यांनाच होते. तो विषाणू बरं झाल्यावर शरीरातून जात नाही, मणक्याजवळच्या नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं गपचूप पडून राहतो, आणि वय झालं, प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्या नसेवरून खाली उतरतो. म्हणून तर पुरळ एकाच बाजूला पट्ट्यासारखं येतं. आणि खरा त्रास पुरळाचा नाहीच, नंतरचा आहे. मावशीचं आठवा. फोड तीन आठवड्यांत सुकले आणि मग सात महिने ती उजव्या कुशीवर झोपली नाही, अंगावरचं कापड घासलं तरी कळवळायची, पंख्याचा वारा लागला तरी "बंद कर" म्हणायची. आई, तू तिच्याजवळ राहून आलीस तेव्हा फोनवर म्हणाली होतीस की कुणाच्या वाट्याला येऊ नये असं दुखणं. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाहीये.

आता लस खरंच चालते का. आत्ताची जी नवीन लस आहे, जिच्यात जिवंत विषाणू नाही, तिची मोठी चाचणी 2015 साली छापून आली. पन्नाशीच्या वरचे 15,000 हून जास्त लोक, निम्म्यांना खरी लस, निम्म्यांना औषध नसलेलं इंजेक्शन, आणि कुणाला काय मिळालं हे त्या लोकांना माहीतच नाही. मग साधारण तीन वर्षं नुसतं बघत राहिले. नागीण झाली ती औषध नसलेल्या गटात 210 जणांना आणि लशीच्या गटात 6 जणांना. मी तो आकडा दोनदा वाचला. सत्तरीच्या वरच्यांची वेगळी चाचणी पुढच्या वर्षी आली, त्यात परिणाम 90 टक्क्यांच्या आसपास निघाला, म्हणजे बाबा, तुमच्या वयाच्या माणसांतसुद्धा.

आई, तुझी भीती वेगळी आहे. मागच्या वेळी दंडात इंजेक्शन घेतलं आणि दोन दिवस ताप, अंग मोडून आलेलं, त्यामुळे तुला परत नकोच वाटतं. यात मी काही लपवणार नाही, ही लस त्रास देणारी आहे. बहुतेकांचा दंड दुखतो, आणि चाचणीत शंभरातल्या साधारण 17 जणांना पहिल्या आठवड्यात इतका त्रास झाला की रोजची कामं करता आली नाहीत, औषध नसलेल्या गटात तेच 3 जणांना. हा त्रास दोन-तीन दिवसांत जातो. त्याहून गंभीर म्हणजे नसांवर शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटते असा एक आजार आहे, गिलन-बारे, पाय लुळे पडायला लागतात, तो या लशीनंतर 65 च्या वरच्यांमध्ये दहा लाख डोसांमागे साधारण 3 जणांना जास्तीचा होतो असा अंदाज आहे. फार दुर्मिळ आहे पण आहे, म्हणून सांगितलं.

कोविडच्या लशींच्या चाचण्यांचं एक एकत्रित विश्लेषण 2022 साली आलं, 45,000 हून जास्त लोकांचं. त्यात ज्यांना लस नाही तर औषध नसलेलं इंजेक्शन मिळालं होतं अशांपैकीही 35 टक्के लोकांनी पहिल्या इंजेक्शननंतर डोकेदुखी, थकवा वगैरे सांगितलं. आई, तुझा ताप खोटा होता असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण इंजेक्शननंतर जे जे होतं ते सगळं इंजेक्शनमुळेच होतं असं नसतं, आणि बाबांच्या मित्राचंही मला तसंच वाटतं. लशीनंतर तीन आठवड्यांनी अटॅक आला हे खरं, आणि काका गेल्याचं मलाही वाईट वाटतं, पण या वयाच्या हजारो माणसांना तीन वर्षं बघितलं तर लस असो नसो काही आजारी पडणारच, काही जाणारच. म्हणूनच दोन गट करून दोन्हीकडे मोजतात. नागिणीच्या लशीच्या चाचणीत गंभीर आजार आणि मृत्यू दोन्ही गटांत सारखेच होते.

बाबा म्हणाले की कंपन्या सगळं दाबून टाकतात. ही शंका मला चुकीची वाटत नाही, विचारायलाच हवी अशी आहे. पण बाबा, 1998 साली अमेरिकेत बाळांच्या जुलाबावरची रोटाव्हायरसची पहिली लस आली आणि वर्षभरात लक्षात आलं की काही बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकून अडकतोय, साधारण दहा हजारांत एखाद्या बाळाला. 1999 मध्ये लस थांबवली आणि बाजारातून काढली. दहा हजारांत एक, तेवढंही पकडलं गेलं! मग पुढच्या दोन रोटाव्हायरस लशींच्या चाचण्या प्रत्येकी 60,000 हून जास्त बाळांवर घ्याव्या लागल्या, तेवढी एकच गोष्ट तपासता यावी म्हणून. मला धीर देणारी गोष्ट ही आहे, सगळं उत्तम आहे म्हणणारी जाहिरात नाही.

आणि एक वाचलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. वेल्समध्ये 2013 साली नागिणीची जुनी लस सुरू केली तेव्हा नियम असा केला की 2 सप्टेंबर 1933 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच मिळेल, आदल्या दिवशी जन्मलेल्याला कधीच नाही. म्हणजे एका आठवड्याच्या फरकाने जन्मलेली, बाकी सगळ्या बाबतीत सारखी माणसं, निव्वळ तारखेने दोन गटांत पडली. सात वर्षांनी बघितलं तर लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश साधारण एक पंचमांश कमी. हे 2025 मध्ये छापलं गेलं. ती लस वेगळी होती त्यामुळे तोच आकडा आपल्याला लागू होईल असं मी म्हणत नाही, आणि विसरायला नको म्हणून लस घ्या असंही नाही. पण आजीची शेवटची चार वर्षं आपण तिघांनी बघितलीयेत, ती मला नावाने हाक मारायची थांबली तो दिवस मला अजून आठवतो, त्यामुळे हे वाचताना मी बराच वेळ नुसती बसून होते.

तर लोक लस का घेत नाहीत यावरही बरंच काम झालंय आणि त्यातून असं दिसतं की मनं बदलायच्या खटपटीपेक्षा जे घ्यायचं म्हणतात पण राहून जातं त्यांना हात दिला तर जास्त उपयोग होतो. 2011 साली एका अभ्यासात कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लशीसाठी पाठवलेल्या पत्रात फक्त एवढंच जास्तीचं होतं की कुठल्या तारखेला, किती वाजता जाणार ते इथे लिहा. घेणारे 33 टक्क्यांवरून 37 वर गेले, तेवढ्या एका रिकाम्या ओळीने.

म्हणून मी येत्या महिन्यातले चार दिवस सुट्टी टाकून येतेय. बाबा, तुमचं पक्कं नाही असं असेल तर आधी फक्त डॉक्टरांकडे जाऊ, तुमच्या शंका तुम्ही स्वतः विचारा, मी मध्ये बोलणार नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ती आठवणीने सांगा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून ठेवा. आई, तुझं ठरलं तर पहिला डोस मी असतानाच घेऊ म्हणजे दुसऱ्या दिवशी ताप आला तरी घरातलं मी बघीन, तू नुसती झोपून रहा. दुसरा डोस दोन ते सहा महिन्यांत असतो, तेव्हाही मी येईन.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाली जागा आहे तिथे तारीख आणि वेळ तुमच्या हाताने लिहा आणि मला फोटो पाठवा. मी त्याप्रमाणे तिकीट काढते.

तुमची लेक