सिएनातल्या मुलीस आभारपत्र: आमची यादी कापल्याबद्दल

कोल्हापूर

चि. मिरजेच्या मुलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्रात नाव लिहायचे नाही, अशी तुझी अट आहे. सप्टेंबरातले आमच्या इटलीच्या सहलीचे ते दिवस तू ग्रंथालयात नव्हतीस हे तुझ्या मार्गदर्शकांना कळू नये, असे कारण तू दिलेस. त्यांना मराठी वाचता येत नाही, हे मी निदर्शनास आणून दिले तरी तू अट सोडली नाहीस, तेव्हा नावाशिवाय लिहिते. चारचौघांच्या नजरेस पडणाऱ्या पत्रात अहो-जाहो करावे असा शिरस्ता आहे; परंतु पहिल्याच संध्याकाळी "काकू, मला तुम्ही म्हणू नका, तोंडी परीक्षेला बसल्यासारखे वाटते," असे तू बजावले होतेस, म्हणून एकेरीच लिहिते.

आभार नेमके कशाचे, हे स्पष्ट करायला हवे. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाचा असा समज आहे की, तू ह्यांना दवाखान्यात नेलेस आणि त्यासाठी आम्ही तुझे ऋणी आहोत. ते ऋण आहेच. पण त्याहून मोठा उपकार तू दुसऱ्या दिवशी सकाळी केलास, आणि तो उपकार आहे हे त्या वेळी आम्हा दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते.

ह्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे यादी केल्याशिवाय घराबाहेर पाऊल पडत नाही. इटलीची यादी तेरा दिवसांची आणि दहा शहरांची होती: रोम, ओर्विएतो, सिएना, सान जिमिन्यानो, लुक्का, पिसा, फ्लॉरेन्स, बोलोन्या, रावेन्ना आणि व्हेनिस. प्रत्येक शहरापुढे पाहण्याची ठिकाणे आणि प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटे लिहिलेली होती. रोमच्या पॅन्थिऑन या प्राचीन देवळाच्या वाट्याला पंचवीस मिनिटे आली होती. जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वीच्या त्या घुमटाच्या माथ्यावर नऊ मीटर रुंदीचे भोक आहे. त्यातून आत आलेला उन्हाचा कवडसा भिंतीवर कसा सरकतो हे पाहायचे सोडून मी ह्यांच्या मनगटावरचे घड्याळ पाहत उभी होते. मी उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवली, आणि रोमच्या चार दिवसांत माझ्या वहीत एक रेघ उमटली नाही.

सिएनात आम्ही पोचलो त्या दुपारी पाऊस पडून गेला होता. काम्पोच्या मैदानाकडे उतरणाऱ्या एका बोळात, ओल्या दगडी फरशीवर ह्यांचा पाय घसरला आणि घोटा मुरगळला. तोंडातून अर्थातच "आई गं!" निघाले. त्यावर बोळाच्या वरच्या अंगाने कोणीतरी "थांबा, उठू नका, पाय तसाच ठेवा," असे स्वच्छ मराठीत ओरडले, तेव्हा क्षणभर मला वाटले की मीच बोलले. पाठोपाठ तू धावत आलीस, हातातली पुस्तके माझ्याकडे दिलीस आणि ह्यांच्या पायाशी उकिडवी बसलीस.

त्यानंतरची संध्याकाळ तुला माहीतच आहे. पाच तास आपण तिघे आपत्कालीन विभागाच्या खुर्च्यांवर बसलो होतो. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून बराच वेळ काही सांगत होते, त्यातला 'दिस्तोर्सियोने' हा शब्द मला फार गंभीर वाटला. तू वळून "मुरगळलाय काका, मोडलेला नाही," म्हणालीस तेव्हा माझ्या पायांत बळ आले. इटलीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. आम्ही तो अर्जाला जोडायचा एक कागद म्हणून काढला होता. त्याच रात्री विमा कंपनीला फोन लावून घेण्याचे आणि शिक्क्यासह अहवाल मागून घेण्याचे तुलाच सुचले. इकडे आल्यावर पैसे विनासायास मिळाले ते त्या एका कागदामुळे.

आता दुसऱ्या दिवसाची सकाळ. कुबड्या आणि बदामाच्या रिच्यारेल्लींचा पुडा घेऊन तू आमच्या खोलीवर आलीस. डॉक्टरांनी दहा दिवस फार चालायचे नाही असे सांगितले होते, म्हणून परतीचे विमान अलीकडे ओढता येईल का, याची आमची चर्चा चालली होती. तू यादी मागितलीस, शेवटपर्यंत वाचलीस, माझ्या वहीची पेन्सिल उचललीस आणि सान जिमिन्यानोवर काट मारलीस. मग लुक्का, बोलोन्या, रावेन्ना. पिसावर पेन्सिल टेकली तसे ह्यांनी कागदावर हात ठेवला. १९९० ते २००१ या काळात मनोऱ्याच्या उंच बाजूखालची माती थोडी थोडी काढून त्याचा कल कसा कमी केला, हे प्रत्यक्ष पाहायचे, यासाठी तर त्यांनी इटली निवडली होती. "काका, तो कललेला आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि माती जमिनीखालून काढली आहे, ती वरून दिसत नाही," असे म्हणून तू शांतपणे काट मारलीस. हे दुपारच्या जेवणापर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत, त्याबद्दल त्यांच्या वतीने मी क्षमा मागते.

कापलेल्या शहरांचे सगळे दिवस तू सिएना, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस यांना वाटून टाकलेस, आणि मिनिटांच्या रकान्यावर सरसकट आडवी रेघ ओढून तिथे फक्त 'बसा' असे लिहिलेस.

आम्ही बसलो. काम्पोचे मैदान शिंपल्यासारखे एका बाजूला उतरत जाते. लाल विटांच्या त्या उतारावर फिकट दगडी पट्ट्यांनी नऊ भाग पाडले आहेत. १२८७ पासून १३५५ पर्यंत या नगराचा कारभार पाहणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची ती खूण, असे तू सांगितलेस. उताराच्या तळाशी नगरसभेचा वाडा आणि त्याला लागून मांज्याचा उंच मनोरा आहे. मनोऱ्याची सावली एका भागातून दुसऱ्या भागात जाते, आणि उन्हाला कंटाळलेली माणसे सावलीबरोबर सरकत बसतात, हे मी त्या दिवशी पाहिले. सावली पुढच्या पट्टीला लागली की ती कडेने आखून घ्यायची, असे करत करत एका पानावर सबंध सकाळ उतरली.

ह्यांचा रुसवा काढलास तो मात्र पाण्याने. मैदानाच्या वरच्या अंगाला फोन्ते गाया नावाचे कारंजे आहे. त्यात लांडग्यांच्या तोंडांतून पाणी पडते, आणि कबुतरे त्या लांडग्यांच्या नाकाडावर बसून, मान खाली वळवून धारेला चोच लावतात. "काका, या गावाला नदी नाही. मग हे पाणी कुठून येत असेल?" एवढेच तू विचारलेस. टेकडीच्या पोटातून खोदत नेलेली सुमारे २५ किलोमीटरची मध्ययुगीन भुयारे, डोंगरउतारांतून त्यांत झिरपणारे पाणी आणि ते पंप नसताना गावाच्या मध्यावर येईल असा राखलेला अगदी मंद उतार, हे तू सांगू लागलीस तसे हे कुबडी टेकून उठून उभे राहिले. कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत आणलेले पेशव्यांचे पाणी, वाटेतले हवा सोडणारे उच्छ्वास, हौद असे सगळे विषय निघाले. तुला त्यातले किती आवडले ठाऊक नाही, परंतु ज्या सोशीकपणाने तू ते दीड तास ऐकलेस, तो सोशीकपणा या पत्रात नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

कॅथीड्रलची संगमरवरी चित्रफरशी एरवी वर्षाचा बराच काळ झाकलेली असते आणि त्या आठवड्यांत ती उघडी होती, हेही तुझ्यामुळेच कळले. यादीत त्या फरशीचा उल्लेख नव्हता. यादीप्रमाणे आम्ही तोवर लुक्कात असतो. पण मी इथे लिहीन ते समोरच्या सांता मारिया देल्ला स्कालाविषयी. यात्रेकरू, आजारी माणसे आणि टाकून दिलेली मुले यांना आसरा देणारे हे शतकानुशतकांचे रुग्णालय आता संग्रहालय आहे, आणि ज्या लांबलचक दालनात रुग्णांच्या खाटा असत, तिथल्या भिंतींवर रुग्णालयाचेच काम रंगवलेले आहे. दोमेनिको दी बार्तोलो याने १४४० च्या सुमारास काढलेल्या चित्रापुढे तू आम्हाला बसवलेस. मध्यभागी मांडीला जखम झालेला एक तरुण आहे आणि त्याची जखम धुण्याची तयारी चालली आहे. डावीकडे दोन वैद्य लघवीची काचेची बाटली न्याहाळत आहेत. एक जाडजूड रुग्ण साधूपुढे पापांची कबुली देतो आहे. आणि अगदी पुढ्यात, कोणाचे लक्ष नाही असे पाहून, एक कुत्रे आणि एक मांजर भांडत आहेत. हे बँडेज बांधलेला पाय पुढे पसरून त्या तरुणाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याला पाच तास थांबवलेले दिसत नाही." मी त्या भांडणाऱ्या जोडीची तीन रेखाटने केली. एकात मांजर बरे जमले आहे.

तिथून बाहेर पडताना वाढीव कॅथीड्रलची ती अर्धवट भिंत पाहिली. १३३९ मध्ये काढलेले काम, १३४८ ची प्लेगची साथ, आणि नंतर आकाशाला टेकलेली नुसती भिंत. सरकारी कामांत हयात घालवलेल्या माणसाला अपूर्ण प्रकल्प नवे नसतात. तरी ह्यांनी टोपी काढली.

फ्लॉरेन्सला निघताना, सिएनाचे स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी असून तिथवर सरकत्या जिन्यांनी उतरता येते, हे तू सांगितले नसतेस तर आम्ही सामान आणि कुबड्या घेऊन रस्त्यानेच उतरलो असतो. फ्लॉरेन्सच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या ह्यांना चढता येणार नव्हत्या आणि त्याची खंत त्यांना होती. कॅथीड्रलच्या दक्षिणेला, हा घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीचा बसलेला पुतळा आहे, त्याच्या समोर बसा, असा तुझा निरोप आला. मांडीवर आराखडा घेऊन मान वर करून तो आपल्याच घुमटाकडे पाहतो आहे. १४२० ते १४३६ अशी सोळा वर्षे, ४० लाखांवर विटा, ४५ मीटरच्या आसपास व्यास, आणि खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता केलेले बांधकाम. आपल्या विजापूरच्या गोलघुमटाचा बाहेरचा व्यासही ४४ मीटर भरतो, पण तो २२० वर्षांनंतरचा, हे ह्यांनी मला तीनदा सांगितले. दोन स्थापत्यकार समोरासमोर बसून एकाच दिशेला वर पाहत आहेत, असे ते रेखाटन आता आमच्या बाहेरच्या खोलीत लावले आहे.

आणि मग तो रविवार. आम्ही कोल्हापूरचे, हे कळल्यावर सिएनाच्या दवाखान्यातच तू विचारले होतेस, "मग तुम्ही महाराजांना भेटायला जाणार ना?" ह्यांच्या यादीत ते नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही त्याची अर्धवटच माहिती होती. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडची भेट आटोपून परतताना, ३० नोव्हेंबरला, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी फ्लॉरेन्समध्ये वारले, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. तू सुट्टीच्या दिवशी सिएनाहून बसने आलीस, टॅक्सी ठरवलीस आणि काशिने नावाच्या त्या लांबच लांब उद्यानाच्या अगदी टोकाला आम्हाला घेऊन गेलीस. नाव ऐकून मला काशी आठवली. त्याचा अर्थ दूधदुभत्याचे गोठे असा आहे, हे तू हसू आवरून सांगितलेस.

झाडांच्या पलीकडे एकदम महाराजांच्या स्मारकाची छत्री दिसली. ती १८७४ ची आहे, आणि तिचा आराखडा करणारे मेजर मँट हे आमच्या न्यू पॅलेसचेच वास्तुकार. खाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे: पागोटे, गळ्यातले अलंकार आणि कोवळा चेहरा. शेजारून सायकली जात होत्या, एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते, आणि पलीकडच्या मोठ्या पुलाला तिथले लोक आजही 'भारतीयाचा पूल' म्हणतात. माझ्या पर्समध्ये अंबाबाईच्या कुंकवाची पुडी असते. त्यातली चिमूट मी चौथऱ्याशी वाहिली. हे कुबड्या बाजूला ठेवून एका पायावर उभे राहिले आणि त्यांनी मुजरा केला. तू त्यांचा दंड धरला होतास. तेव्हा तू सहज म्हणालीस की, वर्षातून एकदा तरी तू इथे येतेस आणि कोणी नसेल तर मोठ्याने मराठी बोलतेस. काय बोलतेस ते मी विचारले नाही.

व्हेनिसबद्दल थोडक्यात. तू लिहून दिल्याप्रमाणे आम्ही पूल चढण्याच्या भानगडीत न पडता एक नंबरची बोट धरली आणि ग्रँड कॅनॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन दिवसांत पाच वेळा, नुसते बसून गेलो.

ह्यांचा पाय आता ठीक आहे. सकाळी रंकाळ्याला अर्धी फेरी होते. त्या रविवारच्या टॅक्सीचे पैसे तू घेतले नाहीस, ते पाकिटात घालून देवघरात ठेवले आहेत. पेन्सिलने कापलेली यादी ह्यांनी कपाटात जपून ठेवली आहे आणि पिसावरची काट खोडरबराने पुसलेली माझ्या नजरेस आली आहे, याची नोंद घ्यावी. मागच्या आठवड्यात आम्ही मिरजेला जाऊन तुझ्या आईंकडे दोन किलो कांदा-लसूण चटणी आणि भडंग देऊन आलो. डिसेंबरात तू आलीस की परतीच्या बॅगेत तेवढी जागा ठेवायला त्यांना सांगितले आहे.

तुझी,
कोल्हापूरची काकू (आणि काका)