काका, गिअरबॉक्स न उतरवता क्लच बरा झाला, तुमच्यामुळे

काका नमस्कार,

फोनवर थँक यू म्हटलं की तुम्ही "अरे त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

बाकीच्यांसाठी सांगतो, माझ्याकडे इथे न्यू जर्सीत १९९४ ची माझदा मियाटा आहे, दोन सीटची, १.८ लिटरची, जीव आहे माझा तिच्यात. गेल्या महिन्यात सकाळी रिव्हर्स टाकला की करकर आवाज यायला लागला, पहिला गिअर जोर लावून पडायचा आणि क्लचचं पेडल पोकळ झालेलं. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकूनसुद्धा न बघता सांगितलं की क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आकडा ऐकला आणि गाडी विकायचंच डोक्यात आलं.

मग तुम्हाला कॉल लावला. इथे दुपारचे बारा, कोल्हापुरात रात्रीचे साडेनऊ, ताट समोर होतं तुमच्या, तरी तुम्ही म्हणालात कॅमेरा पेडलकडे कर. पहिला प्रश्न, इंजिन बंद असताना गिअर पडतात का? सगळे अलगद पडले. "म्हणजे गिअरबॉक्सला हात लावायचा नाही." दुसरा, चढाला गाडी ओढते की इंजिन नुसतंच ओरडतं? ओढत होती. "मग प्लेटही चांगली आहे पोरा, प्लेट गेली की क्लच घसरतो, तुझा क्लच पेडल दाबूनही सुटतच नाहीये." मग पेडल पाच-सहा वेळा भराभर मारायला लावलंत आणि काय सांगू, रिव्हर्स आवाज न करता पडला! पण पहिला टाकून पेडल तसंच दाबून धरलं तर थोड्या वेळाने सपाट ड्राइव्हवेवर गाडी हळूच पुढे सरकायला लागली. तुम्ही लगेच म्हणालात, क्लचच्या ऑइलचं प्रेशर निसटतंय, गाडीखाली जा.

जॅक लावून स्टँड दिले आणि खाली गेलो. या गाडीत स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या प्रेशरने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर, गिअरबॉक्सच्या बाहेरच असतो, दोन बोल्टवर, हे त्या गॅरेजवाल्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे रबरी टोपी बोटाने जराशी मागे सारली तर आतून काळंकुट्ट ऑइल ठिबकून मनगटापर्यंत आलं. मला वाटलं सापडलं, झालं. तुम्ही मात्र मास्टर सिलिंडरही, म्हणजे पेडल दाबलं की स्लेव्हकडे ऑइल ढकलणारा, बघायला लावलात, पेडलच्या वर टॉर्च मारली तर दांड्याच्या मागची भिंत ओली, कार्पेटची कडही ओली. "एकच नवा टाकलास तर नव्याच्या प्रेशरने जुना महिन्याभरात बसेल, दोन्ही टाक." दोन्ही टाकले.

ऑइलमध्ये शिरलेली एअर काढायला बायको पेडलवर, मी खाली स्लेव्हच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूला, पाना लावून, दाब, धर, सोड, असं तासभर चाललं, बुडबुडे संपेपर्यंत. क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं आणि ते पेंट खातं म्हणून ओलं फडकं आधी अंथरायला सांगितलंत ते तर माझ्या लक्षातही आलं नसतं.

आता पेडल वरूनच पकडतं, रिव्हर्स पहिल्या झटक्यात. इतक्या लांबून, गाडीला हात न लावता, नुसते प्रश्न विचारून तुम्ही हे शोधलंत काका, आणि प्रत्येक वेळी आधी का ते सांगितलंत आणि मग कर म्हणालात. असं मला आजवर कुणी शिकवलं नव्हतं.

जुना स्लेव्ह टाकलेला नाही. धुऊन पुसून ठेवलाय, आतला ओरखडा तुम्हाला बघायचा होता ना, डिसेंबरात येताना घेऊन येतो.