मुक्ताचा प्रवेश घेतला आहे

ती. आई-बाबा,
सा. न.

मुक्ताचा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीला नंबर लागला. कागद जमा करून प्रवेश पक्का केला आणि मगच हे लिहायला बसले. आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण मुदत शनिवारपर्यंतच होती. आणि विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता, नुसते गप्प बसला असता. ते मला सोसलं नसतं.

खर्चाचं मनात आणू नका. आपण ओबीसी, उत्पन्न 8 लाखांच्या आत, त्यामुळे 2024 पासून मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क दोन्ही माफ आहे. दाखले दादाने काढलेत. खोली-मेसचं मी बघते. आलेलं स्थळ चांगलंच आहे, पण त्यांना चार वर्षं थांबता आलं तर थांबू देत.

बाबा, तुमचं संध्याकाळचं इंजेक्शन आता कोण देणार, याच विचाराने मला झोप लागत नव्हती. वहिनीला मुक्ताने शिकवलंय. आठ दिवस वहिनीच देतेय, तुमच्या लक्षातही आलं नाही ना? घरात दुखणं आलं की पोरीचं शिक्षण थांबतं, तेवढं आपल्याकडे नको होतं. तुम्ही थांबवलंत असं नाही म्हणत मी. तुम्ही तर माझ्या अकरावीला पहाटे बॅटरी घेऊन फाट्यापर्यंत यायचात, आणि एसटी वळेपर्यंत ती विझवायचा नाहीत.

आई, म्हसवडच्या बायकांच्या बँकेला आधी परवाना मिळाला नव्हता, कारण सहीच्या जागी अंगठे. त्या अक्षरं शिकल्या आणि 1997 ला माणदेशी बँक सुरू झाली. तिथलं खातं काढायला तू पाटीवर नाव गिरवायचीस, आणि रफार दर वेळी पुढच्या अक्षरावर जायचा. मी पुसायचे, तू परत लिहायचीस. मुक्ताचा फॉर्म भरताना तेच डोळ्यांपुढे होतं.

आता ऐका. इन्सुलिन फ्रीजच्या दारातच ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. इंजेक्शन घेऊन पारावर गप्पा मारत बसायचं नाही, लगेच जेवायचं. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. दिवाळीआधी दोघं कराडला या. तुला अर्धं तिकीट, बाबांना पंच्याहत्तरी झाल्यामुळे तेही नाही.

सोमवारी पहाटेच्या गाडीने मुक्ता निघेल. बाबा, पाय दुखत असले तर दादाच्या मोटरसायकलवर जा, पण फाट्यावर जा. बॅटरी न्या.

तुमची,
ताई